शिल्लक सारखी, खातं मात्र दुसऱ्याचं

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला आकड्यांची एक वाईट खोड लागते. दोन खात्यांची शिल्लक जवळजवळ सारखी दिसली की तो थबकतो. २००१ सालच्या जनगणनेचा भाषांचा तक्ता चाळताना माझं तसंच झालं. मलयाळम ही मातृभाषा सांगणारे ३,३०,६६,३९२. भोजपुरी ही मातृभाषा सांगणारे ३,३०,९९,४९७. फरक तेहतीस हजारांचा. तीन कोटींच्या हिशेबात एवढी रक्कम म्हणजे सुटे पैसेच. पण मलयाळमचा आकडा तक्त्यात स्वतःच्या नावानं, स्वतंत्र ओळीत छापलेला. भोजपुरीचा आकडा शोधायला मात्र 'हिंदी' हे पान उघडावं लागतं. तिथं अवधी, छत्तीसगढी, मगही, राजस्थानी अशा पन्नासेक नावांच्या रांगेत ती उभी. म्हणजे एकीचं स्वतःचं खातं, आणि दुसरीची शिल्लक दुसऱ्याच्या खात्यात जमा.

हे असं का झालं, हा प्रश्न भाषाशास्त्राचा वाटतो. तो तसा फारसा नाही, हे जरा खोलात गेल्यावर कळतं.

या दोघींचं नातं काहीच नाही, हे आधी सांगून टाकू. एक द्राविडी, दुसरी आर्य. एक गंगा, घाघरा आणि गंडक यांच्या काठची, दुसरी सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या पट्टीतली. एवढंच की मराठी कानाला दोघींतही काही ओळखीचं ऐकू येतं. मलयाळममध्ये 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत: ऐकणाऱ्याला वगळून 'ञङ्ङळ', त्याला धरून 'नम्मळ'. हिंदीला हा भेद ठाऊक नाही. मराठीत तो आला याचं कारण अभ्यासक द्राविडी शेजाराकडे दाखवतात. आपला 'ळ' त्यांच्याकडे आहेच, शिवाय त्याच्या जवळचा आणखी एक वर्ण आहे. इंग्रजांनी तो 'झेड-एच' असा लिहिला, आणि आम्ही मराठीत भाबडेपणानं 'कोझिकोड', 'अलप्पुझा' छापू लागलो. शेजारच्या भाषेतलं गावाचं नावही आपण लंडनमार्गे आणतो! क्रियापद मात्र मलयाळमनं फार सोपं करून टाकलंय. मी, तू, तो, ती, ते कोणीही गेलं तरी 'पोयि'च. लिंग, वचन, पुरुष यांचं ओझं क्रियापदानं केव्हाच उतरवून ठेवलं आहे.

भोजपुरीचं उलट. तिथं क्रियापद पाहून बोलणारा कोण, ऐकणारा कोण, त्याला किती मान द्यायचा, हे सारं कळतं. समोरच्याला 'तें', 'तू' की 'रउआ', यात चूक झाली तर लग्नं मोडतील. पण आपल्याला गंमत वाटेल ती वेगळ्याच गोष्टीची. हिंदी माणूस 'गया, आया, किया' म्हणतो. भोजपुरी माणूस 'गइल, आइल, कइल' म्हणतो. गेला, आला, केला! भूतकाळातला हा 'ल' मराठी, बंगाली आणि भोजपुरी यांच्यात आहे, खडी बोलीत नाही. हिंदीतला तो कुप्रसिद्ध 'ने' भोजपुरीत नाही. 'है'च्या जागी 'बा' आहे, आणि वस्तू मोजताना 'दू गो', 'चार ठो' असे शब्द लागतात. ग्रिअर्सननं भारतीय भाषांची पाहणी केली तेव्हा भोजपुरीला त्यानं हिंदीत घातलंच नव्हतं. मैथिली आणि मगहीसोबत 'बिहारी' नावाच्या वेगळ्या गटात ती ठेवली होती. व्याकरणाच्या न्यायालयात भोजपुरीचा दावा बळकट आहे.

आणि मलयाळमचा? १८५६ साली बिशप काल्डवेलनं द्राविडी भाषांचं तुलनात्मक व्याकरण लिहिलं. त्यात मलयाळम ही तमिळचीच एक जुनी, बदलून गेलेली शाखा ठरवली होती. आजही जुनी तमिळ आणि मलयाळम यांचं मूळ एकच, यावर विद्वानांचा फारसा वाद नाही. म्हणजे घटकाभर कल्पना करा: मलबार, कोचीन, त्रावणकोर यांचा कारभार चेन्नईहून चालला असता, शाळांतून तमिळ पुस्तकं लागली असती, तर मलयाळम ही 'पश्चिमेकडची तमिळ बोली' म्हणून जनगणनेत एखाद्या उपओळीत बसली असती. तसं झालं नाही. का झालं नाही, ही खरी हकिगत आहे.

सोळाव्या शतकात एळुत्तच्छन यांनी रामायण पोपटाच्या तोंडून मलयाळममध्ये सांगितलं, आणि तिथून त्या भाषेला घराघरांत वाचलं जाणारं पुस्तक मिळालं. पण पुस्तक असलं म्हणजे भाषा टिकतेच असं नाही. पुढची कामं रुक्ष होती. १८१७ साली त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वतीबाईंनी शिक्षणाचा खर्च सरकारनं करावा असा हुकूम काढला. कोट्टायममध्ये मिशनऱ्यांचा छापखाना उभा राहिला. उत्तरेत तलश्शेरीला हेरमान गुंडर्ट नावाचा जर्मन मिशनरी बसला होता. त्यानं १८४७ मध्ये 'राज्यसमाचारम' हे मलयाळममधलं पहिलं वर्तमानपत्र काढलं, व्याकरण लिहिलं, १८७२ साली शब्दकोश पुरा केला. (कादंबरीकार हेरमान हेसेचा हा आजोबा. नातवानं नोबेल मिळवलं, पण आजोबाचं काम अधिक दिवस वापरात राहील असं मला वाटतं.) १८८९ मध्ये चंदू मेनन यांची 'इंदुलेखा' आली, आणि त्याच सुमारास 'दीपिका', 'मलयाळ मनोरमा' ही पत्रं निघाली. ती आजही निघतात.

मला सगळ्यांत मोह पडतो तो १९४५ सालाचा. त्या वर्षी कोट्टायममध्ये बारा लेखकांनी १२० रुपयांच्या भांडवलावर एक सहकारी संस्था नोंदवली: साहित्य प्रवर्तक सहकरण संघम. पुस्तकं आपणच छापायची, आपणच विकायची, आणि लेखकाला चोख मानधन द्यायचं. त्यांनी शेकडा तीसच्या घरात मानधन दिलं. मी स्वतः कादंबऱ्या लिहिल्या आहेत, त्यामुळे हा आकडा मी दोनदा वाचला. कर्जप्रकरणं तपासण्यात माझी हयात गेली. १२० रुपये भांडवल, तारण म्हणून बारा लेखकांची हस्तलिखितं, आणि परतफेडीचा स्रोत म्हणून वाचक, असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी तो परत पाठवला असता. कोट्टायमच्या वाचकांनी तो मंजूर केला. आपल्याकडे सहकारातून साखर निघाली, सूत निघालं, दूध निघालं. पुस्तकांचं त्या प्रमाणात जमलं नाही. त्याच १९४५ मध्ये पी. एन. पणिक्कर यांनी ४७ वाचनालयं एकत्र आणून ग्रंथशाळा संघ काढला, आणि गावोगाव वाचनालयाची पाटी लागू लागली. छापणारा तयार, वाचणाराही तयार. १ नोव्हेंबर १९५६ ला केरळ राज्य झालं तेव्हा भाषा आधीच घर बांधून राहत होती. राज्यानं फक्त दारावर पाटी लावली.

आता काशीला जाऊ. १८९३ मध्ये नागरी प्रचारिणी सभा स्थापन झाली ती इथं. हिंदीचे शब्दकोश, हस्तलिखितांचे शोध, साहित्याचा इतिहास, सगळं या सभेतून उभं राहिलं. आणि सभेच्या दाराबाहेर पानवाला, नावाडी, विणकर बोलत होते ती भोजपुरी. भारतेंदु हरिश्चंद्र काशीचे. जयशंकर प्रसाद काशीचे. प्रेमचंद जवळच्या लमही गावचे. हजारीप्रसाद द्विवेदी बलियाचे. अलीकडच्या काळात नामवर सिंह याच मुलखातले, ज्ञानपीठ मिळालेले केदारनाथ सिंह बलियाचे. ही यादी नीट वाचली तर ध्यानात येईल की आधुनिक हिंदी साहित्याचा अर्धा डोलारा भोजपुरी मुलखातल्या खांद्यांवर उभा आहे. भोजपुरी दुबळी होती म्हणून तिचं साहित्य झालं नाही, असं म्हणणाऱ्यांना ही यादी दाखवावी. तिची कर्ती मुलं दुसऱ्या घरी कमावती झाली.

त्यांना दोष देणं सोपं आहे, पण ते मला पटत नाही. तेव्हा हिंदी ही सत्ता नव्हती, चळवळ होती. कचेरीत फारसी वळणाची उर्दू, वर इंग्रजी, त्यांच्याविरुद्ध लढायचं तर छोट्या छोट्या बोलींनी वेगळं उभं राहून चालणार नाही, असं त्या पिढीला प्रामाणिकपणे वाटलं. देशासाठी आपली बोली त्यांनी घरी ठेवली. त्यात लिपीही गेली. भोजपुरी मुलखात कागदपत्रं कैथीत लिहीत, जशी आपल्याकडे मोडीत. पुस्तकं नागरीत, व्यवहार कैथीत. नागरी जिंकली, आणि कैथी दस्तऐवजांच्या गाठोड्यात राहिली. सिवानच्या शाखेत मी होतो (१९९६ ते ९८), तेव्हा शेतीकर्जाला तारण म्हणून येणारे जुने कागद कैथीत असत, आणि ते वाचायला बाजारातून एका म्हाताऱ्या मुन्शीला बोलवावं लागे. आजोबानं लिहिलेलं नातवाला वाचता येत नाही, हा अनुभव मराठी माणसाला मुद्दाम समजावून सांगायला नको.

विद्वान निघून गेल्यावर भोजपुरी उरली कोणाकडे? जात्यावरच्या बायकांकडे, आणि नाचाच्या फडांकडे. सारण जिल्ह्यातल्या कुतुबपूरचा भिखारी ठाकूर (१८८७–१९७१) जातीनं नाभिक. अक्षरओळख बेताची. पोट भरायला तोही बंगालकडे जाऊन आलेला. परत येऊन त्यानं नाचमंडळी काढली, आणि 'बिदेसिया' लिहिलं. 'भोजपुरीचा शेक्सपिअर' ही पदवी त्याला राहुल सांकृत्यायन यांनी दिली असं सांगतात. राहुलजींनी स्वतःही भोजपुरीत नाटकं लिहिली, हा अपवाद नोंदवायला हवा. दुसरे महेंदर मिसिर, 'पूरबी' गाण्यांचे राजे. त्यांना तुरुंगात जावं लागलं ते नकली नोटा छापल्याच्या गुन्ह्यासाठी. बँकवाला म्हणून मी त्यांची बाजू घेऊ शकत नाही. पण ज्या भाषेत पुस्तकं छापायला कोणी पुढं येत नव्हतं तिच्या कवीला नोटा छापाव्या लागल्या, यात काहीतरी आहे. पहिली भोजपुरी कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती रामनाथ पांडेय यांची 'बिंदिया' १९५६ सालची. त्याच वर्षी तिकडे तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची 'चेम्मीन' आली. 'इंदुलेखा'ला तेव्हा सदुसष्ट वर्षं झाली होती. एका भाषेनं नुकतं चालायला सुरुवात केली होती, दुसरीच्या घरात तिसरी पिढी नांदत होती.

दोन्ही मुलखांचं एक दुःख मात्र सारखं. पुरुष बाहेर. भोजपुरी पुरुष कोलकात्याला, आसामला, नंतर सुरतेला, लुधियान्याला, मुंबईला. मलयाळी पुरुष आधी मद्रास-मुंबईला, सिंगापूरला, मग १९७० नंतर आखातात. मागे बायको, म्हातारी आई आणि पैशाची वाट. दोन्ही भाषांनी यावर गाणी केली. 'बिदेसिया'मधली प्यारी सुंदरी नवऱ्याला निरोप पाठवते, तो वाटेनं जाणाऱ्या बटोहीच्या तोंडी. केरळातल्या माप्पिळा गाण्यांत 'कत्तु पाट्टु' असा प्रकार आहे. कत्तु म्हणजे पत्र. १९७० च्या दशकात एस. ए. जमील यांनी दुबईतल्या नवऱ्याला बायकोनं लिहिलेलं पत्र गाण्यात घातलं, त्याच्या कॅसेटी आखातातल्या खोल्याखोल्यांत वाजल्या, आणि नवऱ्याचं उत्तरही गाण्यातच आलं. विरह तोच, तगमगही तीच. पण एकीला वाटसरूचे पाय धरावे लागतात, दुसरी कागद घेऊन बसते. १९९१ च्या जनगणनेत केरळची साक्षरता नव्वदीला टेकली होती, बिहारची अडतीसच्या आसपास होती. दोन भाषांमधलं खरं अंतर कुठल्या व्याकरणात शोधण्यापेक्षा मी या दोन गाण्यांत शोधीन.

बँकेच्या काउंटरवर तेच दिसे. माझी पहिली लांबची बदली त्रिश्शूरला झाली होती, १९८७ मध्ये. स्लिपा तीन भाषांत छापलेल्या. आखातातून आलेले ड्राफ्ट घेऊन बायका येत, चष्मा लावत, आणि मलयाळममध्ये स्वतः स्लिप भरून देत. अंगठ्यासाठी ठेवलेली शाईची डबी वाळून गेली होती. मला मलयाळम येत नव्हतं ही अडचण माझी होती, त्यांची नव्हती. सिवानमध्ये स्लिप हिंदीत होती. सरकारी भाषाधोरणात हा 'क' प्रदेश, म्हणजे लोकांची भाषा हिंदी, असं गृहीतच धरलेलं. तर स्लिपेवर छापलेलं असे 'आहरण पर्ची'. म्हातारा शेतकरी ती हातात घेऊन विचारी, "ई का ह?" त्याला म्हणायचं असे एवढंच: "हमरा पइसा निकाले के बा." लोकांच्या भाषेत छापलेला तो कागद लोकांना वाचून दाखवायला शिपाई ठेवावा लागे. आमचे हेडकॅशियर घरी आईशी भोजपुरी बोलत, मुलांशी आग्रहानं हिंदी. मी एकदा भोजपुरी भाषेविषयी काही विचारलं तर चक्क रागावले. "भाषा कहाँ, साहब? बोली है." तुच्छता नव्हती त्यात, लाज होती. ती मला आजही आठवते.

गंमत अशी की हीच बोली हद्द ओलांडली की भाषा होते. रक्सौलचा पूल ओलांडून वीरगंजला गेलात की नेपाळ. तिथं भोजपुरी ही तिसऱ्या क्रमांकाची मातृभाषा, आणि २०१५ च्या घटनेनं देशातल्या साऱ्या मातृभाषांना राष्ट्रभाषांचा मान दिलेला. १८३४ पासून गिरमिटिया मजूर मॉरिशसला गेले. तिथं २०११ साली भोजपुरीसाठी कायद्यानं स्वतंत्र संस्था उभी राहिली, आणि लग्नात बायका म्हणतात त्या 'गीत-गवई'ला २०१६ मध्ये युनेस्कोनं मानवतेचा वारसा म्हटलं. सुरीनाममध्ये भोजपुरी-अवधीतून तयार झालेल्या 'सरनामी'ला अधिकृत लेखनपद्धती आहे. ज्यांना करारावर अंगठा उठवून बोटीत चढवलं त्यांच्या पणतवंडांच्या भाषेला कागद मिळाला. जे गावात राहिले ते अजून अर्ज करताहेत.

मुंबईनं या दोघींनाही पाहिलं आहे, पण ऐकलं आहे का? दक्षिणेकडून आलेला प्रत्येक जण आपल्याला 'मद्रासी', आणि उत्तरेकडून आलेला प्रत्येक जण 'भैया'. एका शब्दात आपण चार भाषा बुडवल्या, दुसऱ्यात आणखी कितीतरी. मलयाळी टायपिस्ट आणि नर्स आपल्या संघाच्या वाचनालयातून मासिक घरी नेत. टॅक्सीवाल्याकडे गाणं होतं, मासिक नव्हतं. म्हणून तो हिंदी बोलतो असं आपण ठरवून टाकलं. आणि या गोष्टीत मराठी माणसानं फार उंच आसनावर बसू नये. कोकणी ही मराठीची बोली, हे वाक्य आपण किती वर्षं किती हिरिरीनं म्हणत होतो! साहित्य अकादमीनं १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा मानलं, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत गेली. मराठीचं त्यानं काय कमी झालं? तिला अभिजात दर्जा मिळायचा तो २०२४ मध्ये मिळालाच.

हिंदीवाल्यांची भीती मात्र मला समजते. २०११ साली हिंदीचे म्हणून मोजलेले ५२ कोटी ८३ लाख लोक. त्यांत हिंदी हीच मातृभाषा सांगणारे सुमारे ३२ कोटी. बाकीचे वीस कोटी भोजपुरी, राजस्थानी, छत्तीसगढी, मगही असं काही सांगणारे. एकेक खातेदार आपली ठेव काढून न्यायला लागला तर बँकेचं काय होईल, ही ती भीती. मैथिलीनं २००३ च्या घटनादुरुस्तीनं ठेव काढली आहे. भोजपुरीचा अर्ज अडतीस भाषांच्या रांगेत आहे. २०१२ साली गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी लोकसभेत भोजपुरीतून एक वाक्य बोलून आपल्या भावना समजतात अशी ग्वाही दिली. बाकं वाजली. तमिळ माणसानं भोजपुरीत बोलावं याचं कौतुकही झालं. निर्णय झाला नाही.

अनुसूचीत नाव गेलं म्हणजे सारं मिळेल, असंही मी मानत नाही. मलयाळमला राज्य आहे, वर्तमानपत्रं आहेत, २०१३ पासून अभिजात दर्जा आहे. तरी २०१७ साली केरळ सरकारला शाळांतून मलयाळम सक्तीची करणारा कायदा करावा लागला, कारण मध्यमवर्ग आपली मुलं इंग्रजी शाळेत घालून मोकळा होत होता. भोजपुरीला बाजारानं हात दिला तो २००४ च्या सुमारास पुन्हा उसळलेल्या सिनेमाच्या आणि नंतरच्या उघड्यावाघड्या गाण्यांच्या रूपानं. त्या गाण्यांची किळस सिवानच्या जुन्या मंडळींनाच सर्वांत जास्त येते. पण कोट्टायमच्या बारा जणांसारखे कोणी तिथं जमले नाहीत तोवर रिकामी जागा कोणीतरी भरणारच.

तक्त्याकडे पुन्हा जाऊन एक नोंद दाखवतो. २००१ मध्ये बरोबरीत असलेल्या या दोन आकड्यांचं दहा वर्षांनी काय झालं? मलयाळम ३ कोटी ४८ लाखांवर आली, म्हणजे वाढ साधारण अठरा लाखांची. भोजपुरी ५ कोटी ५ लाखांवर गेली. वाढ पावणेदोन कोटींची, निम्म्याहून जास्त. बिहारची लोकसंख्या त्या काळात पाव हिश्शानं वाढली होती, उत्तर प्रदेशची त्याहून कमी. जन्मांनी हा हिशेब जुळत नाही. बरीच माणसं अशी असणार की जी आधी प्रगणकाला 'हिंदी' सांगत होती, आणि या वेळी दारात उभं राहून 'भोजपुरी' म्हणाली.